सतराव्या वळणाचं खोपटं

१

सतराव्या वळणावरचं खोपटं नाहीसं झाल्याचं लेलँड ऑस्टगार्डला मंगळवारी सकाळी कळलं, आणि तेही दीड ओळीत.

"केलत्ना नदी, वळण १७, उजवा काठ," वैमानिकाच्या महिन्याभरापूर्वीच्या अहवालात लिहिलं होतं. "खोपटं नाही. झाडं आहेत."

त्याखालचा कागद कात्रीनं कापलेला होता. पुढचा मजकूर दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाचा असणार. कचेरीची तशी पद्धतच होती.

कॉर्बिन लँडिंगच्या या जमीन कचेरीत लेलँड एकोणीस वर्षं सापळेवाल्यांच्या खोपट्यांचं टेबल सांभाळत होता. अलास्काच्या सरकारी रानात, जिथं रस्ता नाही, तार नाही आणि शेजारी असलाच तर साठ मैलांवर, तिथं हिवाळ्यात कातड्यांसाठी सापळे लावणाऱ्याला ओंडक्यांचं एक खोपटं उभारता येतं. मात्र परवाना लागतो. जमीन सरकारची, खोपटं बांधणाऱ्याचं, आणि थंडीत अडकलेल्या वाटसरूला दार उघडं. विकायचं नाही, उन्हाळ्यात तळ ठोकायचा नाही, दहा वर्षांनी नूतनीकरण. लेलँडनं अशा एकशे चाळीस खोपट्यांना परवाने दिले होते. त्यांतलं एकही त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायची वेळच आली नव्हती; सगळी खोपटी फायलींत व्यवस्थित उभी होती.

१९९१च्या त्या उन्हाळ्यात मात्र वरून नवा हुकूम आला : नूतनीकरणाआधी प्रत्येक खोपटं विमानातून बघून घ्यावं. बघितलं, आणि पहिलंच गायब.

त्यानं फाइल उघडली. परवानाधारक डॉर्कस टायटस, वय एकाहत्तर. खोपटं नवऱ्यानं, सायलस टायटसनं, १९५१ साली बांधलेलं. सोळा फूट बाय बारा फूट, गवताळ मातीचं छप्पर, एक खिडकी, एक शेगडी. चार-पाच टन वजनाची वस्तू. परवाना या महिनाअखेर संपणार, म्हणजे शुक्रवार हा कामाचा शेवटचा दिवस. खोपटं नसेल तर नूतनीकरण नाही, आणि त्याच जागेसाठी जूनमध्ये आलेला दुसरा अर्ज फाइलीच्या पाठीला टाचणीनं लावलेला : वेंडेल क्रेब्स, शिकारी मंडळींचा वाटाड्या.

समोरच्या टेबलावर बर्निस प्रुइट बसायच्या. कचेरीच्या प्रमुख त्या, आणि अतिक्रमणांचं टेबलही त्यांचंच.

"बर्निसबाई, एक खोपटं हरवलंय."

"नीट शोध. शुल्कमाफीच्या गठ्ठ्यात गेलं असेल."

"फाइल नाही हो. खोपटं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते कधी होतं तरी का? तू पाहिलंयस?"

"नाही."

"मी?"

"नाही."

"मग दहा वर्षं आपण एका म्हातारीच्या शब्दाला परवाना दिलाय," बर्निसबाई म्हणाल्या. "जाऊन विचार. आणि लेलँड, बूट घाल. तिकडं चिखल असतो म्हणतात."

२

डॉर्कस टायटस मोठ्या नदीकाठच्या आपल्या मासळीच्या तळावर होती. फळीवर सामन मासा आडवा, हातात अर्धचंद्राकृती सुरी, मागं मांडवात लालभडक पट्ट्यांची रांग धुरात लटकलेली. कंबरेला टेकू म्हणून एक काठी झाडाला बांधून ठेवली होती. मार्चमध्ये तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रानात नव्हे. गावात, स्वतःच्या पायरीवर.

"कागदवाला आला," ती म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाला सांगावं तशी; पण तिथं दुसरं कुणी नव्हतं. "चहा घे. बिस्किट कडक आहे, दात सांभाळ."

लेलँडनं बातमी सांगितली. तिची सुरी थांबली नाही.

"जळलं?"

"राख नाही दिसली."

"अस्वलानं पाडलं?"

"ओंडके तरी पडलेले दिसले असते, आजी. काहीच नाहीये."

"म्हणजे चोरलं." तिनं माशाचं डोकं एका घावात वेगळं केलं. "चांगलं काम केलं. सायलसला दोन उन्हाळे लागले होते, आणि तो काही आळशी नव्हता."

लेलँडनं चहाचा घोट घेतला आणि बर्निसबाईंचा प्रश्न जमेल तितका मऊ करून विचारला. खोपटं खरंच होतं ना?

आता सुरी थांबली.

"पोरा, माझी सापळ्यांची वाट चाळीस मैलांची आहे. उणे चाळीस अंशांत दिवसाला पंधरा मैल होतात, बर्फगाडीची कुत्री चांगली असली तर. मधे चूल नसेल तर मी झोपते कुठं? लिंक्स रानमांजराच्या कुशीत?" तिनं हात फडक्याला पुसले. "शेवटची मार्चमध्ये गेले होते. बर्फावरून, रानवाटेनं. नदीनं मी कधी जातच नाही, होडीत मला मळमळतं. कुत्र्यांच्या खुंटांभोवतीची जागा साफ केली, लाकडं फोडून ठेवली, दार ओढलं, आले. मग गावात पडले. गावात माणूस पडतो, बघ. डॉक्टरनं लोखंड घातलंय आत. नोव्हेंबरात जायचं म्हणून मी रोज तळाला चार फेऱ्या मारते."

"आणि परवाना नाही मिळाला तर?"

तिनं मांडवातली एक पट्टी उलटवली.

"गावात म्हातारं कसं व्हायचं ते मला येत नाही," ती म्हणाली. "तिथं येतं."

लेलँडनं मासळीची चौकशी केली. वाईट वर्ष, ती म्हणाली. मे महिन्यात बर्फ फुटल्यावर केलत्नाच्या मुखाशी लावलेली तिची दोन जाळी फाटली. नदीतून झाडंच्या झाडं येत होती, मुळांसकट, हिरवीगार. तीन आठवडे येत होती.

"कुणी तरी तोडत असेल वर?"

"मुळांसकट कोण तोडतं?" डॉर्कसनं विचारलं, आणि पुढचा मासा घेतला.

३

वेंडेल क्रेब्स धक्क्यावर होडीचं नवं इंजिन पुसत बसला होता. माणूस इतका अगडबंब, की तो काठावर बसला की होडी समजून उमजून थोडी दूर सरकायची.

"सतरावं वळण?" तो म्हणाला. "हो, अर्ज केलाय की. लपवायचं काय त्यात? म्हातारीचा खुबा गेला असं ऐकलं. म्हटलं जागा रिकामी पडायला नको."

"गेल्या काही दिवसांत गेला होता तिकडं?"

"चौदाव्यापर्यंत गेलो, पुढं कशाला? पाणी उतरलं होतं." त्यानं इंजिनावर प्रेमानं थाप मारली. "हे बघा माझं सोनं. केलत्नावर मला दहा वर्षं दर उन्हाळ्यात तीन पिंपं तेल लागायचं. यंदा सव्वादोन! कंपनीवाल्याला पत्र लिहिणार आहे मी, की बाबा, तू जाहिरातीत खरं बोलतोस."

"खोपटं नाहीसं झालंय तिथलं, क्रेब्स. सबंध."

क्रेब्सचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याला अर्ज आठवला असावा, कारण त्यानं तोंड मिटलं आणि अत्यंत सावध चेहरा केला.

"साहेब, मला स्वतःला इथून उठवायला दोन माणसं लागतात. मी खोपटं उचलून कुठं नेऊ?"

संध्याकाळी लेलँड कचेरीत परतला तेव्हा बर्निसबाई काड्यापेट्यांच्या खर्चाला मंजुरी देत होत्या.

"म्हातारी काय म्हणाली?"

"होतं म्हणते. माझा विश्वास बसला."

"विश्वासाचा रकाना नाहीये नूतनीकरणाच्या फॉर्मात." त्यांनी सही केली. "गंमत बघ, त्याच नदीवर मला शुक्रवारी दुपारी एक जाळायचंय. बिनपरवाना. नोटिशीला कुणी हूं का चूं केलं नाही. तुझं एक कमी, माझं एक जास्त."

"कुठलं वळण?"

बर्निसबाईंनी फाइल उघडली. आत कागदाचा एक अर्धा तुकडा होता, वरची कड कात्रीनं कापलेली.

"पंधरावं," त्या म्हणाल्या. "उजवा काठ."

४

गुरुवारी सकाळी ऑर्सन ट्वीडनं त्याला आपल्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानात कोंबलं. अहवाल लिहिणारा वैमानिक तो हाच. दाढीवाला, मोजकं बोलणारा, आणि बोललाच तर समोरच्याला थोडं कमी लेखूनच बोलणारा.

"नकाशा आणलात?" त्यानं लेलँडच्या मांडीकडं पाहिलं. "किती सालचा?"

"एकोणीसशे त्रेपन्न."

"ठेवून द्या, साहेब. इथं नकाशा कुणी बघत नाही. मुखापासून वळणं मोजायची. मूस हरीण कुठं मारलंस? बाराव्यावर. होडी कुठं फुटली? विसाव्यावर. मेला कुठं? तेही वळणातच सांगतात. बोटं मोजा."

मग विमान उठलं, आणि लेलँडची बोटं मोजायची राहून गेली.

एकोणीस वर्षं त्यानं या जमिनीच्या चौकोनांवर शिक्के मारले होते. कुणी तरी त्याला आधी सांगायला हवं होतं की चौकोन नाहीत. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत काळपट हिरवं रान, त्यात हजारो तळी, प्रत्येकात एकेक तुकडा आभाळ. आणि या सगळ्यातून केलत्ना अशी गेलेली, की तिला कुठंही पोचायचं नसावं. एकदा पूर्वेला जायची, मग जणू काही विसरल्यासारखी परत पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला. त्याला वाटलं, आपण आजवर श्वास घेत होतो तो कुठल्या तरी छोट्या डब्यातला. कानांत इंजिन गर्जत होतं, तरी खाली एवढी शांतता होती की ती दिसत होती.

"तोंड मिटा," ऑर्सन म्हणाला. "डास जातील."

एका ठिकाणी नदीच्या बाजूला कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं, लांबलचक तळं दिसलं. लेलँडनं नकाशात शोधलं. नकाशात तसं तळं नव्हतं. आळशी लेकाचे, त्याला वाटलं, नकाशा काढणारे.

"चौदा, पंधरा," ऑर्सन मोजत होता. "हे तुमच्या बाईंचं, शुक्रवारचं." काठावर छप्परभर गवत उगवलेलं एक ठेंगणं खोपटं मागं सरलं. "सोळा. सतरा."

ते सतराव्यावर उतरले. लेलँड काठावर चढला. सूचिपर्णी झाडं दाट उभी होती, खाली घोट्याएवढं शेवाळ. त्यानं चारही दिशांना शंभर शंभर पावलं टाकली. ओंडका नाही, खिळा नाही, पत्र्याचा डबा नाही, कुऱ्हाडीचा घाव लागलेला एकही बुंधा नाही. जगाच्या सुरुवातीपासून इथं कुणी आलं नसावं असं वाटत होतं. त्यानं आवाज दिला, उगाचच. आवाज रानात गेला आणि परत आलाच नाही.

"समाधान झालं?" ऑर्सननं खालून विचारलं.

"पंधराव्यावर चल," लेलँड म्हणाला.

पंधराव्यावरच्या खोपट्याच्या दारावर कचेरीची लाल नोटीस फडफडत होती. दाराला कुलूप नव्हतं. लेलँड वाकून आत गेला. एक खाट, एक शेगडी, खिळ्याला निळा चिनीमातीच्या लेपाचा मग. भिंतीवर कॅलेंडर, मार्चपर्यंतचे दिवस फुल्या मारून संपवलेले. डोक्यावरच्या तुळईत सुरीनं कोरलेली अक्षरं होती. त्यानं बोट फिरवून वाचली.

"सायलस टायटस. १९५१."

५

"चोरलं," ऑर्सन दारातून म्हणाला. त्यानं चक्क टोपी काढली होती. "अख्खं. ओंडका ओंडका खोलून सात मैल खाली आणलं आणि जसंच्या तसं रचलं. चहाचा मगसुद्धा त्याच खिळ्याला. क्रेब्सच! जागा मोकळी दाखवायला."

"असं दिसतंय खरं."

"दिसतंय काय? शुक्रवारी बर्निसबाई जाळणार, म्हणजे पुरावाही सरकारी खर्चानं जाणार. डोकं आहे जाड्याला."

लेलँड बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता. चोर होता, चोरीचा माल होता, हेतू तर अर्जाच्या रूपात टाचणीनं लावलेला होता. पण काही तरी बोचत होतं, आणि ते पायरीवरचं कुसळ नव्हतं.

त्यानं भिंतीकडं पाहिलं. ओंडक्यांच्या फटींत वारा अडवायला शेवाळ ठासलेलं असतं. इथं ते वाळून गेलं नव्हतं. मुळं धरून वाढलं होतं, एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर पसरलं होतं, सबंध भिंतभर सलग. छपराच्या मातीत एक झाड उगवलं होतं, मनगटाएवढं जाड. त्याची मुळं आढ्यावरून खाली उतरून भिंतीला बिलगली होती.

"ऑर्सन, भिंत खोलून पुन्हा रचली तर हे शेवाळ तुटेल ना?"

"तुटेल."

"मग वाढायला किती दिवस?"

"दिवस?" ऑर्सन हसला. "माणसाचं लग्न, मुलं, घटस्फोट, सगळं होऊन जाईल."

लेलँड उठला. खोपट्याभोवती फिरला. मागच्या बाजूला कुत्र्यांचे खुंट होते, आणि प्रत्येक खुंटाभोवती साखळीएवढ्या अंतरावर जमीन गोल झिजून वीतभर खोल गेलेली. एका हिवाळ्यात अशी झिजत नाही. त्यापलीकडं बुंधे होते. साठ-सत्तर बुंधे, कुऱ्हाडीनं तोडलेले, चाळीस वर्षांच्या पावसानं राखी पडलेले.

तो बुंध्यांमध्ये उभा राहिला. 

"ओंडके चोरता येतात," तो म्हणाला. "तो निळा मग चोरता येतो, कॅलेंडर चोरता येतं. बुंधे कसे चोरणार? ते जमिनीत आहेत. या खोपट्याचं लाकूड इथंच तुटलंय. सतराव्यावर एक बुंधा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे खोपटं इथून कधी हललंच नाही."

"पण हे पंधरावं वळण आहे, साहेब! मी मोजलंय. मी बावीस वर्षं मोजतोय."

"तू बरोबर मोजलंस," लेलँड म्हणाला. "तेच मला भीतिदायक वाटतंय. विमान काढ."

६

यावेळी त्यानं नकाशा मांडीवर पसरला आणि उलट मोजायला सुरुवात केली, खोपट्यापासून मुखाकडं, बोट नकाशावर, डोळे खाली. चौदा जुळलं. तेरा जुळलं. बारा, अकरा, दहा. मग नकाशात नदी डावीकडं मोठा वळसा घालत होती, दोन वळणांचा, सात मैल जाऊन जवळजवळ आपल्याच पावलांवर परत येणारा. खाली नदी सरळ गेली होती.

"खाली घे," तो म्हणाला.

ऑर्सननं विमान इतकं खाली आणलं की शेंडे चाकांना लागतील, चाकं असती तर. 

वळशाच्या मानेशी, जिथं दोन पात्रांच्या मध्ये जेमतेम अर्ध्या मैलाचं रान असायला हवं होतं, तिथून नदी आरपार गेली होती. दोन्ही काठ उभे कापलेले, ताजे, भाकरीच्या तुकड्यासारखे. आत जमिनीच्या पोटातला बर्फ निळसर चमकत होता. काठावरची झाडं पाण्याकडं झुकली होती, मुळं हवेत, आणि ते बघत असतानाच एक सावकाश, काहीही आवाज न करता, आडवं झालं आणि हिरवंगार वाहून गेलं. आणि बाजूला, मागं टाकलेला तो सात मैलांचा वळसा, कोयत्याच्या पात्यासारखा, स्थिर, आभाळ धरून पडलेला. आळशी लेकाच्यांनी न काढलेलं तळं.

लेलँडला आता सगळं ऐकू यायला लागलं. क्रेब्सचं पाऊण पिंप वाचवणारं इंजिन. फाटलेली जाळी, मुळांसकट आलेली झाडं. मे महिन्यात बर्फ फुटला, पाणी चढलं, आणि हजारो वर्षं वळसा घालून दमलेल्या नदीनं तीन आठवड्यांत वाट सरळ केली. कुणाला विचारलं नाही. सात मैल नदी कमी झाली आणि दोन वळणं जगातून गेली. बारावं दहावं झालं, सतरावं पंधरावं. खोपटं उभं होतं तिथंच उभं राहिलं. फक्त त्याचा पत्ता त्याच्या खालून निघून गेला.

"बावीस वर्षं मोजतोय," ऑर्सन पुटपुटला. मे महिन्यापासून तो यावरून दहा वेळा उडाला होता. "बोटांकडं बघत होतो मी."

लेलँड खिडकीला कपाळ टेकून खाली बघत होता. त्याला वाटत होतं, आपण कुणाला तरी झोपेत कूस बदलताना पाहिलं, आणि ते कुणी तरी एवढं मोठं होतं की त्याच्या कुशीत सबंध कचेरी मावली असती.

७

"चोर सापडला?" शुक्रवारी सकाळी बर्निसबाईंनी विचारलं. जाळणारे दोघे बाहेर बाकावर डबे घेऊन बसले होते.

"सापडला. अटक करता येणार नाही."

त्यानं सांगितलं. बर्निसबाईंनी दोन्ही अर्धे कागद टेबलावर एकमेकांना जोडून ठेवले. कात्रीची रेघ तंतोतंत जुळली. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कात्री माझी होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण परवान्यात सतरावं वळण आहे, लेलँड. हे पंधरावं आहे. नियमाप्रमाणं खोपटं हलवलं तर आधी अर्ज, मग साठ दिवसांची जाहीर सूचना."

"नियम आहे 'परवानाधारकानं हलवलं तर'. तिनं नाही हलवलं. नदीनं नदी हलवली. नदीकडं आपला परवाना नाही."

बर्निसबाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. एकोणीस वर्षांत लेलँडनं तो हललेला पाहिला नव्हता.

"बारा वाजता विमान सुटतं," त्या म्हणाल्या. "त्याआधी मला जागेचं असं वर्णन आण जे नदीला बदलता येणार नाही. डोंगरापासून मोजून नकाशावर टिंब दे. आणि फॉर्मात 'जागेचं स्थानिक नाव' असा रकाना आहे, तो भर. एकशे चाळीस फायलींत तो कोरा आहे. मला वाटायचं छापणाऱ्याची चूक."

डॉर्कस तळावर फेऱ्या मारत होती, काठी टेकत. ही तिसरी फेरी होती. त्यानं चालता चालता तिला सगळं सांगितलं. खोपटं आहे म्हटल्यावर ती थांबली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून उभी राहिली. मग पुन्हा चालू लागली. नदीचं ऐकून मात्र तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही.

"गेली का आरपार?" ती म्हणाली. "बरं झालं. खोळंबली होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या मानेचं नावच तसं आहे." तिनं आपल्या भाषेतला एक लांब शब्द उच्चारला, घशात सुरू होऊन ओठांवर विझणारा. "म्हणजे, 'ती इथून जाणार आहे.' माझ्या आजीची आजी म्हणायची."

लेलँड वाटेत थांबला.

"आजी, हे दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर!"

"सांगितलं होतं की. खोपटं कुठं आहे विचारलंस, मी जागेचं नाव सांगितलं, वाटेतली सगळी सांगितली. तू म्हणालास, नावं नकोत, आकडा सांगा. मला आकडा माहीत नव्हता. तू धक्क्यावरच्या कुणा होडीवाल्याला विचारून लिहिलास."

लेलँडला तो दिवस आठवेना. त्यामुळंच त्याला खात्री पटली की तसं झालं असणार. त्यानं खिशातून फॉर्म काढला, मांडवाच्या खांबावर टेकवला, पेन उघडलं.

"आता सांगा. खोपट्याच्या जागेचं नाव."

डॉर्कसनं दुसरा शब्द उच्चारला. तो पहिल्यासारखाच होता, फक्त थोडा लांब. लेलँडनं अक्षरं जुळवत लिहून घेतला, तिला वाचून दाखवला, तिनं दोनदा दुरुस्त केला.

"अर्थ?"

ती मोठ्या नदीकडं बघत होती. पाणी सगळं आभाळ घेऊन, घाई न करता चाललं होतं.

"'मग ती इथं येईल.'"

मांडवात मासळीचं तेल निखाऱ्यावर ठिबकलं आणि चरचरलं. लेलँडला पंधराव्या वळणाचा काठ आठवला. दारापासून पाण्यापर्यंत तीस पावलं, जास्तीत जास्त पस्तीस.

"कधी?" त्यानं विचारलं.

"आधीच्याला पाच पिढ्या लागल्या. हिला कुणी विचारलंय?" ती खांद्यावरून त्याच्याकडं वळली. "मला नोव्हेंबर दे, पोरा. पुढचं आमचं आम्ही बघू, ती आणि मी."

पावणेबाराला बर्निसबाईंनी फॉर्म वाचला. नकाशावरचं टिंब पट्टीनं मोजलं. नावाचा रकाना वाचला, कंसातला अर्थ वाचला, आणि चष्मा काढून खिडकीबाहेर, गोदामांच्या पलीकडं, जिथून थोडीशी नदी दिसायची तिकडं पाहिलं. मग बाहेरच्या बाकावरच्या दोघांना त्यांनी हातानंच घरी जायची खूण केली.

"मुदत तू दहा वर्षं लिहिलीयस," त्या म्हणाल्या.

"नियमात तेवढीच बसते."

बर्निसबाईंनी पेन घेतलं. नियमांच्या बाहेर त्यांनी आयुष्यात एक स्वल्पविराम टाकला नव्हता. आता मात्र त्यांनी मुदतीच्या रकान्यात, आपल्या बारीक, सरळ अक्षरांत एक ओळ घातली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद लेलँडच्या हातात दिला.

'दहा वर्षं, किंवा नदी येईपर्यंत. जे आधी घडेल ते.'